डावीकडची खुर्ची

बाबांना झटका आला त्यानंतर आमच्या घरात सगळ्यात आधी घोळ झाला तो थाळीवरून.

दवाखान्यातून घरी आणल्यावर आई त्यांना उशीला टेकवून बसवायची आणि समोर वरण-भात, भाजी, पोळी वाढून ठेवायची. बाबा उजव्या हातानं नीट जेवायचे. मग अर्धी थाळी तशीच सोडून विचारायचे, "भाजी कावून नाही केली आज?"

भाजी थाळीतच असायची. डाव्या बाजूला.

आई थाळी फिरवायची. डावं उजवीकडे यायचं, आणि बाबा खूश व्हायचे. "आता आणली होय. गरम आहे का?"

त्यांना डावीकडचं दिसत नव्हतं असं म्हणणं बरोबर होणार नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांनी तपासलं होतं. डोळे चांगले होते. झटका मेंदूच्या उजव्या बाजूला आला होता. डावा हात आणि डावा पाय गेला, आणि त्यासोबत डावीकडचं सगळंच त्यांच्या लेखी नाहीसं झालं. डोळ्यांत येत होतं ते मेंदू घेत नव्हता, आणि काही राहून गेलं आहे हेही त्याला कळत नव्हतं. बाबा दाढी करायचे ती उजव्या गालाची. कागदावर घड्याळ काढायला सांगितलं तर गोल पूर्ण काढायचे, पण बाराही आकडे उजव्या अर्ध्या भागात दाटीवाटीनं बसवायचे. मी ते घड्याळ बराच वेळ बघत बसले होते. त्यात एकही आकडा चुकलेला नव्हता.

व्यायाम करून घ्यायला जुनवानीहून गीतांजली मॅडम यायच्या. त्यांनी पहिल्याच दिवशी आईला हिंदीत दटावलं. थाळी फिरवायची नाही. थाळीच्या डाव्या काठावर लाल पट्टी चिकटवायची आणि ती सापडेपर्यंत त्यांनी मान वळवायची. टीव्ही डावीकडे. पाण्याचा तांब्या डावीकडे. घरच्या माणसानं बसायचं ते डावीकडे, बोलायचं ते डावीकडून. "सुरुवातीचे महिने महत्त्वाचे. जे परत यायचं ते तेव्हाच येतं. नंतर फार थोडं."

मी भौतिकशास्त्रात एमएस्सी केलं आहे. ज्या नियमामागे कारण असतं तो मला आवडतो. त्याच संध्याकाळी मी लाल पट्टी आणली, टीव्ही हलवला, आणि पलंगाच्या डाव्या बाजूला प्लास्टिकची खुर्ची ठेवली. ती आईची.

आई बसली. बाबांनी थोड्या वेळानं मला विचारलं, "तुही माय कुठं गेली?"

"इथंच तं हावो," आई डावीकडून म्हणाली.

बाबांनी आवाज ऐकला, आणि उजवीकडे दारापाशी शोधलं. "सयपाकघरातून बोलून राहिली का?"

बाबा पोलादाच्या प्लांटमधून निवृत्त झालेले. सगळी नोकरी रोलिंग मिलमध्ये, छताखालच्या मोठ्या क्रेनवर. क्रेन शेडच्या टोकाला पोचली की रुळाशेजारचं बटण दाबलं जातं आणि मोटर आपोआप बंद पडते. त्याला ते लोक लिमिट म्हणतात. गीतांजली मॅडम हनुवटी धरून त्यांची मान डावीकडे नेत असत, आणि नाकासमोरून जरा पुढं गेली की बाबा म्हणायचे, "बस. लिमिट लागली."

"अभी नहीं लगी, अंकल. और चलाओ."

"मॅडम, क्रेन कोणं चालवली? तुमी का मी?"

मॅडम हसायच्या, आईही हसायची. मान तिथंच थांबायची.

मी काम करते ते सौर प्रकल्पात, दुर्ग मागं टाकून राजनांदगावच्या वाटेवर. आमचे पॅनेल एका जागी खिळलेले नाहीत, ते फिरतात. उत्तर-दक्षिण आडवा टाकलेला एक लांब लोखंडी नळा, त्यावर पॅनेलची रांग, मधोमध एक लहान मोटर. सकाळी सगळ्या रांगा पूर्वेकडे कललेल्या असतात, दुपारी आडव्या, संध्याकाळी पश्चिमेकडे. दर काही मिनिटांनी एक बारीक हालचाल, इतकी बारीक की टक लावून बसलं तरी चुकते. पण आलेख काढला की फरक डोळ्यांत भरतो. खिळलेल्या पॅनेलचा आलेख डोंगरासारखा असतो, दुपारी शिखर आणि दोन्हीकडे उतार. फिरणाऱ्यांचा पठारासारखा: सकाळी लवकर वर चढतो आणि उशिरापर्यंत वरच राहतो. आमच्याकडच्या उन्हात वर्षभराची वीज त्यानं जवळजवळ पाचव्या हिश्श्यानं वाढते.

बाबांना हे मी कितीदा तरी सांगितलं होतं. झटक्यानंतरही ते पुन्हा विचारायचे. बोलणं त्यांचं अगदी ठीक होतं.

"मंग त्या मोटरले दिसते का सूर्य?"

"नाही बाबा. आधी तसे करत होते. प्रकाश जिकडं जास्त, तिकडं फिरायचं. पण ढग आला का ते बावचळायचे, इकडं-तिकडं शोधत राहायचे. आता नुसतं गणित. तारीख, वेळ, आणि आपण कुठं हाओत ते. त्याच्यावरून सूर्य कुठं असन ते काढते आणि तिकडं वळते."

"न पाहता?"

"न पाहता."

"आणि ढग असन तं?"

"तरी वळते."

बाबांना हे फार आवडलं. "इमानदार आहे म्हणा."

त्यावरूनच मला सुचलं. डावीकडचं कधी दिसेल आणि मग ते कधी वळतील याची वाट कशाला पाहायची? दिसो न दिसो, वळायचं. मी फोनवर गजर लावले. गजर वाजला की मी म्हणायची, "बाबा, गाडी डावीकडं. अजून. अजून. पट्टी दिसेपर्यंत." नाकाच्या पुढं मान जायला कष्ट पडायचे, कपाळावर घाम यायचा, पण हुकमाची त्यांना आयुष्यभराची सवय होती. खालून खलाशी, म्हणजे माल बांधणारा कामगार, हातानं खूण करतो आणि वरचा माणूस क्रेन नेतो, तसं ते जायचे. एके दुपारी गेले ते थेट खुर्चीपर्यंत.

"अरे," बाबा म्हणाले. "इथं हाये होय तू?"

आई उठलीच खुर्चीवरून. "हाव. इथंच हावो."

"केस पिकले तुहे."

"तुमच्यापायी पिकले."

बाबा हसले. मी गजर बंद करायला फोन उचलला. तेवढ्यात मान हळूहळू उजवीकडे परत आली, उतारावर सोडलेल्या गाडीसारखी, आणि त्यांचं लक्ष दारावरून माझ्यावर आलं.

"रीना, तुही माय कुठं गेली वं? सकाळपासून दिसली नाही."

मी आईकडे बघितलं नाही. मला वाटलं होतं, एकदा जमलं म्हणजे पुन्हा जमेल. प्रयोगशाळेत तसंच असतं. पण हुकमाशिवाय ते कधी वळले नाहीत. गजर नसला की डावी बाजू नव्हती, आणि डाव्या बाजूला आई.

संध्याकाळी आई मेणबत्ती लावून वंदना म्हणते. बुद्धाची मूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो डावीकडच्या भिंतीवर आहेत, आम्ही रुआबांध्याच्या या घरात आलो तेव्हापासून. बाबा उजवा हात छातीशी धरून, उजवीकडच्या कोऱ्या भिंतीकडे तोंड करून आईसोबत म्हणायचे. शब्द एकही चुकत नसे. संपल्यावर एकदा विचारलं, "फोटू कोणं काढला भितीवरचा? रंग देऊन राहिले का?"

आई म्हणाली, "आपण फोटू तरी त्या भितीवर घेऊ, रीना."

"नाही. मॅडम काय म्हणाल्या? जे पाह्यजे ते डावीकडंच ठेवायचं. उजवीकडं आणलं का ते कायले वळतील?"

"तू शिकलेली हायेस," आई म्हणाली. त्यात टोमणा होता की नाही, मला सांगता येणार नाही.

पावसाळा आला तेव्हा मॅडमनी येणं कमी केलं. आठवड्यातून एकदा, मग पंधरवड्यातून एकदा. "अब आप लोग घर पर ही कराइए, अच्छे से कर रहे हैं," असं जाताना आईला म्हणाल्या. आई त्यांना फाटकापर्यंत सोडून आली आणि तांदूळ निवडायला बसली.

श्रावणात आभाळ असं भरलं की सावल्याच पडेनाशा झाल्या. प्रकल्पात आम्हाला वरून एक चाचणी सांगितली होती, तिला याच दिवसांची गरज होती. पूर्ण ढगाळ असताना सूर्य एका ठिकाणी नसतो. प्रकाश असतो, पण तो सगळ्या आभाळातून सारखा झिरपत येतो. अशा वेळी पॅनेल सकाळी पूर्वेकडे तोंड करून उभा राहिला, तर त्याच्या पाठीमागचं पश्चिमेचं आभाळ वाया जातं आणि समोर थोडी जमीन येते. त्यापेक्षा त्याला सपाट झोपवलं तर सगळं आभाळ त्याच्यावर येतं. तेव्हा सूर्याच्या मागं लागायचं सोडून द्यावं, असं कागदावर तरी दिसत होतं. आता ते शेतात बघायचं होतं: शेजारशेजारचे दोन तुकडे, एक नेहमीसारखा फिरता, एक ढगात सपाट.

माझ्यासोबत भूषणभैया होते. पद्मनाभपुरात राहतात, वडील रेल्वेत होते, नागपूरकडचे. पॅनेल फिरवणाऱ्या ट्रॅकरच्या मोटरी त्यांच्याकडे.

"मॅडम, एवढा खर्चा करून ट्रॅकर लावला," ते कंट्रोल रूमच्या खिडकीशी उभे राहून म्हणाले, "तो फिरवायले का लेटवायले? लेटायलेच होता तं माह्या घरी लाकडी तखत पडून होता."

"पाहू तर, भैया."

"पाहा. माह्या मोटरीले तेवढीच सुट्टी."

एकदम ढग दाटले की लगेच सपाट करायचं नाही, हे आधी ठरवावं लागतं. ऊन अधूनमधून डोकावणार असेल तर सपाट झोपलेला पॅनेल नुकसानच करतो. त्यासाठी आमच्या छतावर दोन यंत्रं आहेत. एक सगळा प्रकाश मोजतं. दुसऱ्यावर एक वाकवलेली पट्टी असते, ती सूर्याला झाकते. ते मोजतं सूर्य सोडून उरलेलं. दोन्ही आकडे एकमेकांजवळ आले म्हणजे समजायचं की सूर्य असून नसल्यासारखा आहे, जे मिळतंय ते बाकीच्या आभाळाचं. मला ते झाकलेलं यंत्र पहिल्यापासून आवडायचं. त्या दिवसांत मी त्याच्याकडे जरा जास्तच बघत होते. दोन्ही आकड्यांत फरक उरला नव्हता.

मी हुकूम दिला. पूर्वेकडे कललेल्या रांगा हळूहळू खाली आल्या आणि आभाळाकडे तोंड करून पडल्या. शेजारचा तुकडा कललेलाच होता, ढगांपलीकडे सूर्य जिथं असायला हवा त्या दिशेनं. गणितात एका अंशाचीही चूक नव्हती.

त्या दिवशी आणि नंतरच्या तशाच दिवसांतही सपाट तुकड्यानं जास्त वीज दिली. खूप नाही. दुपारी तर जवळजवळ सारखीच. पण सकाळी आणि दिवस कलताना, जेव्हा रांगा जास्त कललेल्या असतात, तेव्हा फरक स्वच्छ दिसत होता. भूषणभैयांनी दोन्ही आलेख एकावर एक ठेवून पाहिले.

"मानलं," ते म्हणाले. "म्हणजे बिचारा दिवसभर मान वाकडी करून उभा राहिला, ते फुकटच."

"फुकट नाही. ऊन आलं की त्याचाच फायदा."

"अन् नाही आलं तं?"

मी अहवालाची फाइल बंद केली. रांगा अजून सपाट होत्या, आणि त्यांच्यावर सगळीकडे सारखा, करडा उजेड पडला होता.

घरी पोचले तेव्हा दिवस बाकी होता. आई खुर्चीत होती, डावीकडे. बाबा दाराकडे बघत होते. मी आत येताच बाबा म्हणाले, "रीना, आईले फोन लाव बरं. कुठं गेली, तिकडचीच झाली. तुमसरले भावाकडं गेली का? सांगून तरी जायचं."

"बाबा, गाडी डावीकडं घ्या," मी म्हणाले.

"नाही घेत," बाबा थकल्या आवाजात म्हणाले. "तिकडं काहीच नाही. तू रोज चालवायले लावते. तिकडं काहीच नाही, बेटा."

आई उठली आणि स्वयंपाकघरात गेली. मी मागोमाग गेले. ती ओट्याला टेकून उभी होती, रडत नव्हती.

"रीना, मेलेल्या माणसाबद्दल असं विचारतात," ती म्हणाली. "कुठं गेली, सांगून नाही गेली. मी जित्ती हावो. त्यायच्यापासून हातभरावर बसून हावो. रोज बसून ऐकते. बरं होतीन म्हणून ऐकते. होतीन का?"

मला हो म्हणता आलं असतं. मी मॅडमनी सांगितलेले महिने मनात मोजले नाहीत. ते संपले होते हे मला माहीत होतं.

"थोडंफार होते कधी कधी," मी म्हणाले. "नंतरही."

"थोडंफार," आई म्हणाली. "त्याच्यासाठी मी अजून किती दिवस नसल्यासारखं राहायचं?"

बाहेर रस्त्यावरून कोणीतरी स्कूटी नेली. आईनं पदरानं ओटा पुसला, तो आधीच स्वच्छ होता.

मी बाहेर गेले, डावीकडची खुर्ची उचलली आणि पलंगाला वळसा घालून उजवीकडे ठेवली. तांब्याही तिकडे नेला. भिंतीवरच्या फोटोला हात लावला तेव्हा मागून आई म्हणाली, "फोटू राहू दे. बाबासायेब थांबतीन तिथं. मले येऊ दे."

ती येऊन बसली. केस तिनं आत सारखे केले होते.

बाबांनी तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. मग रागावले. "कवा आली?"

"आत्ताच."

"सांगून जायचं तं होतं."

"चुकलं माहं."

"मी इथं पडून. पोरगी दिवसभर ड्यूटीले. मले वाटलं, आता नाही येत तू." त्यांचा आवाज फाटला. "कोणाच्या घरी भांडून गेली तं माणूस समजू शकते. आपलं तं भांडणही नव्हतं झालं."

"नव्हतं झालं," आई म्हणाली. तिनं त्यांचा उजवा हात धरला होता. "आता नाही जात."

"इथंच बस."

"इथंच बसते."

मग बाबा तिला सांगत राहिले. मधल्या दिवसांत काय काय झालं ते सगळं: मॅडम आल्या होत्या, रीनानं टीव्ही हलवला, शेजारच्यांनी जांभळं पाठवली होती, पण तुझ्याशिवाय कोण निवडून देणार. जांभळं आईनंच निवडून भरवली होती. ती प्रत्येक गोष्टीला "असं का" म्हणत होती, पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखी. मध्येच तिनं थाळी आणली आणि अर्धं जेवण झाल्यावर ती फिरवली. काठावरची लाल पट्टी फिरून उजवीकडे आली. बाबांनी ती बघितली आणि विचारलं, "हे कायचं चिकटलं?" आईनं ती नखानं काढून टाकली.

आता डावीकडची जागा रिकामी होती. नुसती फरशी, खुर्चीच्या पायांचे ओरखडे उमटलेली. बाबांचा डावा हात चादरीवर पालथा पडला होता, कोणीतरी ठेवून विसरून गेल्यासारखा. एकदा त्यांनी तो स्वतःच उजव्या हातानं बाजूला ढकलून विचारलं होतं, हा कोणाचा हात आहे म्हणून.

मी पलंगाला वळसा घातला आणि त्या बाजूला खाली फरशीवर बसले. तो हात हातात घेतला. गरम होता. त्वचा मऊ झाली होती; बोटांच्या मुळाशी क्रेनच्या हँडलचे घट्टे अजून होते. मी बोटं एकेक करून उघडली आणि मिटली, मॅडमनी शिकवलं होतं तशी.

बाबा आईशी बोलत होते. बोलता बोलता थांबले. दाराकडे बघितलं.

"रीना नाही आली अजून? बाहेर अंधारून आलं दिसते."

आईनं त्यांच्यावरून माझ्याकडे बघितलं. तिच्या तोंडात माझं नाव आलेलं मला दिसलं. मी मान हलवून नाही म्हणाले.

"येईन ती," आई त्यांना म्हणाली. "कामात असन."

"ढग असले तं लवकर सोडत असतीन त्यायले," बाबा म्हणाले. "आली का मले सांग. झोपलो असन तरी सांग."

"सांगते."

त्यांनी डोळे मिटले. मी त्यांचा अंगठा उघडत होते आणि मिटत होते.